पिंग हिरवागार, पण काटा बंद! मॉनिटरिंग सॉफ्टवेअर नेमकं तपासतं तरी काय?

ऊसपट्टा_आयटी

राम राम मंडळी. साखर कारखान्यात आयटी बघतो. आधीचे साहेब सोडून गेले, जाताना एका जुन्या डेस्कटॉपवर नागिऑस हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर चालू करून गेले आणि आता ते माझ्या गळ्यात आलंय. चाळीसेक डिव्हाइस आहेत त्यात, केन यार्डातले वजनकाट्याचे पीसी, टोकन काउंटर, स्विच, कॅमेरे, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), दोन सर्व्हर आणि गट ऑफिसला जाणारी वायरलेस लिंक. गाळप जोरात चालू आहे त्यामुळं प्रयोग करायला फार वाव नाही.

सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे वजनकाट्याचा पीसी स्क्रीनवर हिरवागार दिसतोय आणि तिकडून क्लार्कचा फोन येतोय की काटा अडकलाय, वजन पडंना, ट्रॅक्टरची रांग पार रोडपर्यंत गेलीय आणि ड्रायव्हर लोक शिव्या घालतायत. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला की तो एकच विचारतो, "पिंग येतोय का? येतोय ना, मग आमच्याकडून ओके आहे." आता काय बोलायचं याला. दुसरं, रात्री यार्डातली लाइट गेली की मोबाईलवर एकदम पंचवीस-तीस मेसेज पडतात, त्यातलं खरं काय बंद पडलंय ते शोधण्यातच अर्धा तास जातो. आणि एक एनव्हीआर कायम लाल दाखवतंय, पण लाइव्ह व्ह्यू मस्त दिसतोय, रेकॉर्डिंग पण होतंय.

कुठली सेटिंग बदलू एवढंच विचारायचं नाहीये. डिव्हाइस चालू का बंद हे हे सॉफ्टवेअर मुळात ठरवतं कसं, आत काय चालतं, ते कुणीतरी नीट सांगा. ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं मी बघतो. इंग्रजी डॉक्युमेंटेशन वाचलं, पण त्यात सगळं आधीच माहीत आहे असं धरून लिहिलंय राव.

एनओसी_रात्रपाळी

दादा, रात्रपाळीत बसून हेच बघते रोज, म्हणून जरा मोठं लिहिते.

नागिऑसला स्वतःला काहीही तपासता येत नाही. खरंच सांगते. ते फक्त वेळापत्रक सांभाळतं, की आता या डिव्हाइसची पाळी, आता त्याची. प्रत्येक तपासणी म्हणजे बाहेरचा एक छोटा प्रोग्राम, प्लगइन म्हणतात त्याला, तो चालतो आणि बंद होताना एक आकडा देऊन जातो. ० म्हणजे ओके, १ वॉर्निंग, २ क्रिटिकल, ३ अननोन. बस एवढंच नागिऑसला कळतं, सोबत एक ओळ मजकूर येतो तो स्क्रीनवर दिसतो. म्हणजे तुमचा हिरवा रंग "काटा चालू आहे" असं म्हणत नाहीये, "मला जो प्रोग्राम चालवायला सांगितला होता तो ० देऊन गेला" एवढंच म्हणतोय. तो प्रोग्राम काय विचारून आला ते तुमच्या आधीच्या साहेबांनी ठरवलं, आणि तुमच्या वर्णनावरून त्यांनी सगळीकडे पिंगच लावून ठेवलाय.

आता पिंग म्हणजे काय. तुमचा डेस्कटॉप आयसीएमपीचं, म्हणजे नेटवर्कवर "आहेस का" असले निरोप द्यायच्या पद्धतीचं, एक पाकीट पाठवतो, टाइप ८, इको रिक्वेस्ट. समोरून टाइप ० आला, इको रिप्लाय, की झालं, मधे किती मिलिसेकंद गेले ते मोजायचं. याचं उत्तर देतं कोण तर समोरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातला नेटवर्कचा भाग. वजनाचं सॉफ्टवेअर हँग असू दे, डिस्क भरलेली असू दे, स्क्रीनवर एरर येऊन पडलेली असू दे, तो भाग इमानेइतबारे उत्तर देत राहतो. गेटवर जाऊन हाक मारली आणि वॉचमननं ओ दिली म्हणून आत गाळप चालू आहे असं होत नाही ना, तसंच.

अजून एक गंमत बघा, तुमच्या कॉन्फिगमधे होस्टच्या, म्हणजे यादीतल्या डिव्हाइसच्या, तपासणीची कमांड उघडून बघा. सोबत येणारी सँपल फाइल जशीच्या तशी वापरली असेल तर तिथं पाच पाकिटं पाठवायची आणि वॉर्निंग ८० टक्के लॉसवर, क्रिटिकल १०० टक्के लॉसवर असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे पाचपैकी चार पाकिटं हरवली तरी वॉर्निंगच, आणि होस्टच्या बाबतीत वॉर्निंगला नागिऑस साध्या सेटिंगमधे चालूच समजतं. म्हणजे अर्धमेली लिंक पण हिरवीच दिसणार! सर्व्हिस म्हणून जो वेगळा पिंग लावतात त्यात १०० मिलिसेकंद किंवा २० टक्क्यांवर वॉर्निंग आणि ५०० किंवा ६० टक्क्यांवर क्रिटिकल असतं, ते बरं आहे. ते सगळ्यांना लावलंय का बघा.

मग मेसेज कधी येतो? एकदा फेल झालं की लगेच येत नाही. आधी सॉफ्ट स्टेट, म्हणजे शंका. मग कमी अंतरानं परत परत तपासतं आणि ठरलेल्या वेळा सलग फेल झालं की हार्ड स्टेट, मग मेसेज. समजा दर पाच मिनिटांनी तपासणी, फेल झाल्यावर दर मिनिटाला, आणि एकूण तीन प्रयत्न. तपासणी होऊन गेल्यावर लगेच डिव्हाइस मेलं तर पाच मिनिटं कुणाला पत्ताच नाही, त्यावर दोन मिनिटं खात्री करण्यात, म्हणजे सात मिनिटं गेली. काट्यावर सात मिनिटांत किती गाड्या येतात ते तुम्हाला माहीत. आकडे कमी करता येतात पण फार कमी केले की जरा पाकीट हरवलं की बोंब.

तुमचे ते पंचवीस मेसेज पेरेंट न लावल्यामुळं आहेत. प्रत्येक होस्टला सांगायचं असतं की तुझ्यापर्यंत यायला आधी कोण लागतं. काट्याच्या पीसीचा पेरेंट यार्डातला स्विच, त्याचा पेरेंट मेन स्विच. मग यार्डाचा स्विच गेला की तो एकटा डाउन आणि त्याच्या मागचे सगळे अनरीचेबल. पण दादा, नोटिफिकेशनच्या ऑप्शनमधून अनरीचेबलचं अक्षर काढा, नाहीतर पेरेंट लावूनही तेवढेच मेसेज येतील फक्त शब्द बदलून.

संत्रा_सर्व्हर

ताईनं बरोबर सांगितलं. फक्त काट्याचं अजून उरलंच आहे भाऊ.

लोक काय करतात, पिंगनं भागत नाही म्हटलं की पोर्ट चेक लावतात. पोर्ट म्हणजे मशीनवरचा एकेका प्रोग्रामचा नंबरवाला दरवाजा. म्हणजे डेटाबेसचा १४३३ उघडा आहे का बघ. टीसीपीत, म्हणजे कनेक्शन जोडून बोलायच्या पद्धतीत, तुम्ही सिन (जोडणीची विनंती) पाठवता, समोरून सिन-अॅक आला तर पोर्ट उघडा, आरएसटी (नकार) आला तर मशीन जिवंत आहे पण त्या पोर्टवर कोणी बसलं नाही, आणि काहीच आलं नाही तर मधे फायरवॉल गिळून राहिला किंवा मशीन गेलं. पिंगपेक्षा हे बरं, पण यातही एक मेख आहे. सिन-अॅक पण कर्नलच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच, देतो! प्रोग्रामनं पोर्ट उघडून ठेवला आणि मग तो हँग झाला, तरी कर्नल नवीन कनेक्शन घेऊन रांगेत लावत राहतो, रांग भरेपर्यंत. तुमचा चेक कनेक्ट झाला, बंद झाला, हिरवा. बसा मग. म्हणून कनेक्ट होऊन काहीतरी विचारायचं आणि उत्तर वाचायचं. वेबसाइट असेल तर २०० कोड आला यावर समाधान नाही मानायचं, कारण कित्येक अॅप्लिकेशन "डेटाबेस एरर" असं पान सुद्धा २०० देऊन दाखवतात, त्या पानात अमुक शब्द आहे का ते बघायचं.

विंडोजवर एजंट (आतून माहिती देणारा छोटा प्रोग्राम) टाकून प्रोसेस चालू आहे का बघणं हा पुढचा उपाय. तो पण अर्धाच. टायटल बारमधे "नॉट रिस्पॉन्डिंग" लिहून आलेली प्रोसेस पण टास्क लिस्टमधे असतेच की.

आता काट्यावर असते काय भाऊ, खाली लोडसेल (वजन ओळखणारा सेन्सर), त्याची वायर इंडिकेटरला (वजनाचा आकडा दाखवणारा डबा), इंडिकेटरमधून सिरियल केबलनं वजन पीसीच्या कॉम पोर्टवर, तिथून सॉफ्टवेअर ते उचलतं आणि डेटाबेसमधे स्लिपची नोंद टाकतं. यात पाच ठिकाणी अडकू शकतं आणि पिंग यातलं एकही बघत नाही. नेटवर्क तर शेवटच्या टप्प्यात येतं. म्हणून पाच चेक लावत बसण्यापेक्षा मी एकच लावला असता, डेटाबेसला विचारायचं की या काट्यावरची शेवटची नोंद किती मिनिटांपूर्वीची. एक ओळीची क्वेरी आहे, फक्त वाचायची परवानगी असलेला वेगळा युजर काढा त्यासाठी, अॅडमिनचा पासवर्ड स्क्रिप्टमधे लिहून ठेवू नका. दहा मिनिटं नोंद नाही तर वॉर्निंग, वीस मिनिटं नाही तर क्रिटिकल. कुठं का अडकेना, नोंद थांबली की तुम्हाला कळणार, आणि त्या सॉफ्टवेअरवाल्याला पण पिंगच्या ऐवजी हा आकडा दाखवायचा.

एनओसी_रात्रपाळी

@संत्रा_सर्व्हर कल्पना छान आहे पण यात खोटे अलार्म पण भरपूर येणार हं. पहाटे गाड्याच आल्या नाहीत, पाऊस पडला तोड थांबली, मिल बंद पडली म्हणून यार्डात गाड्या उभ्या, या सगळ्यात नोंद थांबणारच आणि काटा ठणठणीत असणार. तीन रात्री खोटं उठवलं की चौथ्या रात्री माणूस फोन सायलेंटवर टाकतो, हे मी डोळ्यानं बघते.

संत्रा_सर्व्हर

ताई, त्यावर उपाय आहे ना. टोकन काउंटरची नोंद पण त्याच डेटाबेसमधे असणार. टोकन निघून राहिलेत आणि वजन पडत नाही, तरच ओरडायचं. दोन्ही बंद असेल तर गाडीच नाही आली समजायचं. मिल बंदचं मात्र त्यात नाही बसत, ते तुमचं खरं आहे, तिथं हातानं डाउनटाइम (तेवढा वेळ मेसेज नको असं) लावा.

जुना_केबलवाला

तुम्ही पोरं एकदम वरच्या मजल्यावर चढलात. आधी खाली वायर बघा की.

यार्डातला स्विच मॅनेज्ड (लॉगिन करून आत बघता येणारा) आहे का? असेल तर त्यावर एसएनएमपी, म्हणजे डिव्हाइसला त्याची माहिती विचारायची पद्धत, चालू करा, व्हर्जन २सी तरी ठेवा, आणि कम्युनिटी स्ट्रिंग (त्याचा पासवर्डच म्हणा) "पब्लिक" असेल तर आजच्या आज बदला. यात काय होतं तर यूडीपी १६१ पोर्टवर स्विचला एक-एक नंबर देऊन विचारायचं. प्रत्येक माहितीला एक लांबलचक पत्ता असतो, उदाहरणार्थ १.३.६.१.२.१.१.३.० म्हणजे मशीन चालू होऊन किती वेळ झाला, सेकंदाच्या शंभराव्या भागात. हा एक आकडा फार कामाचा. रात्री लाइट येऊन-जाऊन स्विच रीस्टार्ट झाला आणि दोन तपासण्यांच्या मधे परत चालू पण झाला तर पिंगला कधीच कळणार नाही, पण हा आकडा शून्यापासून सुरू झालेला दिसतो. आणि वर्ष-दीड वर्ष चाललेल्या स्विचवर तो आपोआप शून्य झाला तर घाबरू नका, ३२ बिटचा आकडा आहे, ४९७ दिवसांनी पलटतो.

ट्रॅफिकचे आकडे पण असेच. स्विच "आत्ता इतके एमबीपीएस चाललेत" असं सांगत नाही, सुरुवातीपासून एकूण किती बाइट गेले तेवढंच सांगतो. मॉनिटरिंगवाला पाच मिनिटांपूर्वीचा आकडा वजा करतो आणि भागतो. ३२ बिटचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ ला पलटतो, गिगाबिट लिंक भरून वाहत असेल तर हे जेमतेम ३४ सेकंदात होतं, म्हणजे पाच मिनिटांत तो कितीतरी वेळा पलटी मारून आला तरी तुमचा ग्राफ आपला शांत. म्हणून ६४ बिटचे काउंटर घ्यायचे, ते व्हर्जन १ मधे मिळत नाहीत, म्हणूनच २सी म्हटलं. पूर्वी एमआरटीजीवर हे सगळं बघायचो, १९९५ च्या आसपासचं सॉफ्टवेअर ते, टोबियास ओटिकरचं, पाच मिनिटांची सवय सगळ्यांना तिथूनच लागली.

पण तुमच्या काट्यासाठी मी जो आकडा बघेन तो एरर काउंटर. काट्याच्या पीसीच्या पोर्टवर इनपुट एरर, सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पाकिटं) वाढतायत का. साखर कारखाना म्हणजे बगॅसची धूळ, चिकट वाफ, उंदीर, आणि केबल कुठून कशी टाकली ते विचारू नका. अजून एक जुना रोग, ड्युप्लेक्स. फुल म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी बोलता येतं, हाफ म्हणजे एका वेळी एकानंच. स्विचच्या पोर्टला कुणीतरी १०० फुल असं फिक्स करून ठेवतं आणि पीसी ऑटोवर. पीसीला समोरून बोलणी करणारं कुणी भेटत नाही, स्पीड त्याला कळतो पण ड्युप्लेक्स कळत नाही, मग तो नियमाप्रमाणं हाफवर जातो. आता एक फुल आणि एक हाफ. मजा अशी की पिंग एकदम झकास चालतो, कारण एक पाकीट जातं, एक येतं, धडक व्हायला गर्दीच नाही. ८४ बाइटचं पाकीट ते. डेटाबेसकडं जरा मोठी ये-जा सुरू झाली की धडाधड पाकिटं हरवतात, सॉफ्टवेअर वाट बघत बसतं आणि क्लार्क म्हणतो हँग झालं. पिंगच करायचा तर १४७२ बाइटचा, तुकडे न करता असा करून बघा, वर २८ बाइट हेडरचे धरून बरोबर १५०० होतात. वायरलेस लिंकवर पण हाच करा, छोटा जातो मोठा जात नाही असं कैकदा सापडतं. पण ड्युप्लेक्स पकडायला एरर काउंटरच बघा.

माइक मूसनं १९८३ च्या डिसेंबरात पिंग लिहिलं ते नेटवर्कमधला एक बिघाड शोधायला, पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव दिलं. पाणी किती खोल आणि समोर काही आहे का एवढंच ते सांगणार.

एनव्हीआरचं सोपं आहे, त्यानं आयसीएमपीला उत्तर देणं बंद केलेलं असणार किंवा मधे फायरवॉल. विंडोज पीसी पण मूळ सेटिंगमधे बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाहीत. तिथं होस्ट चेक बदलून ५५४ पोर्टचा (व्हिडिओ जिथून मिळतो तो) टीसीपी चेक लावा.

ऊसपट्टा_आयटी

ताई, भाऊ, काका, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काका तुमच्या म्हणण्याप्रमाणं आधी स्विचमधे लॉगिन करून बघितलं, दोन नंबर काट्याच्या पोर्टवर सीआरसी एरर धबाधबा वाढत होते आणि पोर्ट खरंच १०० फुलवर फिक्स केलेला. दोन्हीकडं ऑटो केलं, काउंटर तिथंच थांबला. त्या काट्याच्या तक्रारी कमी झाल्यात.

पण एक नंबरचा काटा अजून अडकतोय आणि त्याच्या पोर्टवर एरर शून्य! तिथं भाऊंनी सांगितलेली नोंदीची क्वेरी लावली, टोकनशी जोडून. काल संध्याकाळी क्लार्कचा फोन यायच्या आधी मेसेज आला, मी पळत गेलो तर इंडिकेटरवर वजन दिसतंय आणि स्क्रीनवर शून्य. सिरियल केबलची पिन सैल. ती दाबून बसवली की चालू. आता केबल बदलायला मागितलीय, स्टोअरमधनं कधी येते बघू.

पेरेंट लावले, परवा लाइट गेली तेव्हा एकच मेसेज आला, झोप पण झाली. एनव्हीआर ५५४ वर हिरवं झालं.

अजून एक राहिलं. यार्डाच्या स्विचला जाणारी फायबर दोन मीडिया कन्व्हर्टरमधून (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) जाते, ते नागिऑसमधे कसे घालू? त्यांना आयपीच नाही. आणि एसएनएमपी ट्रॅप म्हणून काहीतरी असतं ना, डिव्हाइस स्वतःहून सांगतं ते, तेच लावलं तर हे सारखं सारखं विचारायची भानगडच नको?

जुना_केबलवाला

साधा मीडिया कन्व्हर्टर मुका असतो, त्याला विचारायला काही नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना जे बोलतात त्यांच्यावरून ओळखायचं. मेन स्विचवर त्या पोर्टचा ऑपरेशनल स्टेटस बघा, १ म्हणजे अप, २ म्हणजे डाउन. पण इथं एक खोड आहे, काही कन्व्हर्टर फायबर तुटली तरी तांब्याच्या बाजूची लिंक तशीच चालू ठेवतात, दिवा लुकलुकत राहतो आणि पोर्ट अप दिसतो. लिंक फॉल्ट पास-थ्रू असं एक डिप-स्विच असतं काहींवर, ते ऑन केलं की एक बाजू गेली की दुसरी पण पाडतं. खरेदी करताना तेवढं बघून घ्या.

ट्रॅपवर एकट्यावर विसंबू नका. ट्रॅप यूडीपी १६२ वर येतो आणि साध्या ट्रॅपला पोच नसते. वाटेत हरवला तर हरवला. आणि लाइट गेलेल्या स्विचनं ट्रॅप पाठवायचा कसा? काही महागड्या डिव्हाइसमधे शेवटच्या श्वासापुरती वीज साठवून एक निरोप पाठवायची सोय असते, तुमच्या यार्डातल्या स्विचात ती असणार नाही. ट्रॅप कशाला चांगला तर पोर्ट पडला, पंखा थांबला, हे लगेच कळायला. जिवंत आहे का हे मात्र विचारतच राहावं लागतं.

कोकणी_क्रॉन

उशिरा आलो. सगळं वाचलं, पण नागिऑसचा डेस्कटॉपच बंद पडला तर काय, हे कुणीच विचारलं नाही.

तो डेस्कटॉप कुठल्या यूपीएसवर आहे? मेसेज कुठल्या लाइनवरून जातात? कारखान्याचं इंटरनेट गेलं की "इंटरनेट गेलं" हा मेसेज त्याच इंटरनेटवरून जायला बघणार. म्हणजे ज्या रात्री सगळ्यात मोठं लफडं होईल त्या रात्री तुमचा मोबाईल एकदम शांत असणार आणि तुम्ही म्हणणार वा, आज काही प्रॉब्लेम नाही. एक जीएसएम मोडेम लावा सिमकार्डवाला, एसएमएस त्यावरून सोडा. आणि उलटा चेक पण लावा, म्हणजे नागिऑसनं दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सर्व्हिसला "मी आहे" म्हणून कळवायचं आणि ते कळवणं थांबलं की त्या बाहेरच्यानं तुम्हाला उठवायचं. बॅकअपला पण असंच. बॅकअप फेल झाला की मेल येईल अशी सोय सगळे करतात, बॅकअप चालूच झाला नाही तर मेल कोण पाठवणार? यशस्वी झाला की हजेरी लावू दे, हजेरी चुकली की बोंब.

गट ऑफिस उद्या वायरलेसऐवजी मोबाईल डाँगलवर गेलं तर बाहेरून तिथं पोचता पण येणार नाही, नॅटच्या मागे असतं ते, म्हणजे बाहेरून दिसणारा स्वतःचा पत्ताच नसतो. तिथं झॅबिक्सचा (नागिऑससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) एजंट अॅक्टिव्ह मोडमधे टाकतात, तो स्वतःहून सर्व्हरच्या १००५१ वर येऊन माहिती देतो, आणि इतका वेळ काही आलं नाही तर अलार्म असा ट्रिगर लावतात. नागिऑसमधे पण हे पॅसिव्ह चेक म्हणून जमतं, फक्त फ्रेशनेस चेक (शेवटची माहिती फार जुनी तर नाही ना ते बघणं) चालू करायला विसरू नका, नाहीतर शेवटचा "ओके" महिनोन्‌महिने हिरवा बसून राहील.

आणि ५५४ हिरवा म्हणजे रेकॉर्डिंग होतंय असं समजू नका. एनव्हीआरची हार्ड डिस्क गेली तरी लाइव्ह छान दिसतं. पोलीस फुटेज मागायला आले की मग कळतं. शेवटची रेकॉर्डिंग किती वाजताची हे विचारता येतंय का बघा, नसेल तर आठवड्यातून एकदा माणसानंच उघडून बघायचं.

संत्रा_सर्व्हर

डिस्कवरून आठवलं, सर्व्हरवर डिस्क ८० टक्के भरली की वॉर्निंग असं सगळे लावतात, पण ४ टीबीची डिस्क ८० टक्क्यांवर दोन वर्षं आरामात राहते आणि लॉग सुटला तर ४० वरून १०० वर रात्रीतून जाते. किती भरली यापेक्षा किती वेगानं भरून राहिली ते बघा. लिनक्स असेल तर आयनोड (फाइलच्या नोंदीच्या जागा) पण बघा, ते संपले की जागा मोकळी दिसते आणि फाइल काही बनत नाही. आणि स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, त्यातला १९७ नंबर, पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न आलेले भाग. तो शून्यावरून हलून वाढायला लागला की डिस्क मागवायला टाका, स्टोअरवाले तर तुमच्याकडचे पण आमच्याकडच्यासारखेच दिसून राहिले.

ऊसपट्टा_आयटी

@कोकणी_क्रॉन दादा, बघितलं, नागिऑसचा डेस्कटॉप थेट भिंतीतल्या बोर्डात होता. यूपीएसच नाही. हलवला आज. जीएसएम मोडेमचं कोटेशन मागवलंय.

शेवटचा प्रश्न. एप्रिलच्या आसपास गाळप संपलं की काटे, टोकन सगळं बंद करून झाकून ठेवतात ते ऑक्टोबरपर्यंत. तेव्हा हे चेक काढून टाकू का? परत हंगामाला सगळं लिहीत बसायचं जिवावर येतंय.

एनओसी_रात्रपाळी

काढू नका दादा. काट्याच्या चेकना वेगळा टाइमपिरियड करून लावा, त्यात तारखांची रेंज देता येते, तपासणी आणि नोटिफिकेशन दोन्ही तेवढ्याच काळात. हंगामाची तारीख दरवर्षी पुढं-मागं होते तेवढी एक ओळ बदलायची आणि रीलोड करायचं. स्विच आणि यूपीएस मात्र बाराही महिने चालू ठेवा, पावसाळ्यात यार्डाकडं कुणी फिरकत नाही. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी, काट्याचं पासिंग (सरकारी तपासणी) करायला माणसं येतात त्या दिवशी, एकदा मुद्दाम सिरियल केबल काढा आणि मेसेज येतोय का बघा. येत नसेल तर गाड्या यायला अजून वेळ असतो.